त्या नावाचा कुणी नाही

"लोकेंद्र बोहरा? त्या नावाचा माणूस माझ्या बंगल्यावर कधीच नव्हता," तात्या म्हणाले आणि फाटक लावायला लागले.

भाग्यश्रीनं फाटकावर हात ठेवला. कडावची ही आरोग्यसेविका सकाळपासून पळसदरीत एकेक बंगला पालथा घालत होती. चपला धुळीनं माखलेल्या, तोंडावर मास्क. शनिवार होता. तात्यांनी बंगल्याच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं दिल्या होत्या, आणि पाहुणे कुठल्याही क्षणी येणार होते. अशा वेळी नेमकी ही मास्कवाली बाई फाटकात उभी. तात्यांना तिचा मनातून रागच आला होता.

"नीट आठवा, तात्या. नेपाळचा माणूस. हितं धरणाजवळच्या बंगल्यावर वॉचमन होता. दसऱ्याला गावी गेला नि तिकडं दवाखान्यात पडलाय. टीबी हाय. साध्या गोळ्यांना दाद देत नाय, असला."

"मग करतील की तिकडे उपचार. आमचा काय संबंध?"

"त्याच्यावर चालू हायेत. पण हितं तो ज्यांच्यात राहत होता, त्यांचं काय?"

त्याचसाठी तर निरोप आला होता. एका देशातला रोगी दुसऱ्या देशात सापडला तर ताबडतोब एकमेकांना कळवायचं, असं दोन्ही सरकारांनी ठरवलेलं. तिकडच्या डोंगरातल्या डॉक्टरनं काठमांडूला कळवलं, काठमांडूनं दिल्लीला, दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं अलिबागला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. हे काम आठवड्याच्या आत भाग्यश्रीच्या हातात पडलं होतं. अडलं ते इथे, पळसदरीत.

"आमचा वॉचमन दसऱ्याला गेला, हे खरं," तात्या म्हणाले. "पण त्याचं नाव बहादूर."

"पुरं नाव?"

"बहादूर. एवढंच."

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. "सकाळधरनं हेच ऐकते हाय. ज्याच्या त्याच्याकडं बहादूर, नि ज्याचा त्याचा दसऱ्याला गावी गेलेला! फोटो मागवलाय, तो अजून आला नाय. नि त्या बिचाऱ्याला आता बोलवत पण नाय."

तात्यांकडे हा बहादूर पाच वर्षं होता. त्याच्या आधीचाही बहादूरच, आणि दसऱ्यानंतर ठेवलेला नवाही बहादूरच. नाव विचारायची पद्धतच नव्हती. नेपाळी माणूस इमानी, असं सगळे बंगलेवाले एकमेकांना कौतुकानं सांगत. त्याच्या हातात घराच्या किल्ल्या देत, पोरंबाळं सोपवत. नाव विचारायला काही दोन देशांचा करार लागत नाही, पण तेवढं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

"तुमचा खोकत होता का?" भाग्यश्रीनं विचारलं.

तात्या घुटमळले. पावसाळाभर त्याचा खोकला चालला होता, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"छे! चांगला धडधाकट होता," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई एव्हाना पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आलीच आहे ही, तर सानवीला एकदा दाखवू या का?"

सानवी म्हणजे त्यांची नात. आईबाप पुण्यात नोकरीला, म्हणून ती इथे आजी-आजोबांकडे राहून शाळेत जायची. दुसरीत होती. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नव्हता. आडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं. दिवाळीचा फ्रॉक आताच खांद्यावरून घसरायला लागला होता, संध्याकाळ झाली की अंग कोमट लागायचं. द्वारकाबाई घाबरल्या होत्या. घाबरले तात्याही होते, पण कबूल कोण करणार?

"हवा बदललीये, दुसरं काही नाही," ते खेकसले.

"पोरगी खोकतेय?" भाग्यश्रीचा आवाज एकदम चढला. "तात्या, पोरांना हा लवकर धरतो हो! मी आत्ता गाडी बोलावते. तिला तपासायला न्या."

"आणि ती दवाखान्याची गाडी माझ्या फाटकात उभी करू? पाहुण्यांच्या देखत? उद्या अख्ख्या पळसदरीत बोभाटा होईल, मग इकडे काळं कुत्रं फिरकायचं नाही. तो लोकेंद्र कुणाचा ते आधी शोध. ज्याचा असेल त्याच्या दारात गाडी लाव."

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसायला लागली. तात्यांनी शर्ट सारखा केला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

तेवढ्यात आजीच्या मागून शाल गुंडाळलेली सानवी बाहेर आली. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ती आजीच्या पदराला धरून उभी राहिली.

"लोकेंद्रमामा आला?" तिनं विचारलं. किती दिवसांनी ती अशी हसली होती.

भाग्यश्री तिच्यासमोर उकिडवी बसली. "कोण गं लोकेंद्रमामा?"

"आमचा बहादूर. पण त्याचं खरं नाव लोकेंद्र आहे."

"तुला कुणी सांगितलं?" तात्यांनी फाटकाकडून वळून विचारलं.

"मी विचारलं त्याला. रोज गृहपाठ मी त्याच्याच खोलीत करायचे ना." आजोबांचा चेहरा पाहून ती बावरली आणि घाईघाईनं म्हणाली, "पण बाहेर आवाज नाही जाऊ दिला हं, आजोबा! त्याला खोकला आला की मीच पटकन खिडकी लावून घ्यायचे. पाहुण्यांना ऐकू गेलं की तुम्ही त्याला ओरडायचात ना."