अशक्त शेळी

तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या राजनंदिनीला पुन्हा दिवस गेले. पोट पाडायला दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, पण नाथानं सही करायला साफ नकार दिला. माणच्या मेडिकलवाल्यानंही वाटेला लावलं, "तसल्या गोळ्या आमी ठेवतच न्हाई, छापे पडत्यात."

आज गुरांचे डॉक्टर गोठ्यात आले. "नाथांचा फोन होता. शेळी अशक्त आहे, तिचा जीव वाचला पाहिजे, गाभ पाडा म्हणाले."

बाटली काढताना ते थबकले. "ताई, पोटुशा असाल तर लांब व्हा. हे औषध नुसतं हातावर सांडलं तरी पोटातलं जातं."


"छ्या, मला कुटं काय हाय!" राजनंदिनीनं बांगड्या मागं सारल्या. "आणा, ती बाटली मी धरते."