आबांची पट्टी

अंगावरून वारं गेल्यापासून आबांची वाचा बंद होती. डाव्या हाताचा अंगठा मात्र गोधडीवर इकडून तिकडं सरकत होता. पुण्याहून राजुरीला आलेल्या नातीनं मोबाइल पुढं करताच त्यांनी मान फिरवली. “फोन न्हाई गं, पट्टी मागत्यात,” म्हणत शकुबाईनं नवऱ्याचा जुना स्लाइड रूल ट्रंकेतून काढला. धरणावर इंजिनिअर असताना भिंतीची सारी गणितं त्यांनी ह्याच सरकत्या पट्टीवर केलेली. “आज्जी, आता हे सगळं कॉम्प्युटर करतो.” “करू दे की. त्याला कुठं मरायचंय?” आबांनी पट्टी छातीवर घेतली, पण बोटांत जोर नव्हता. मधला भाग हलेना. पट्टीला कुणीही हात लावलेला त्यांना खपत नसे. आज त्यांनीच शकुबाईचा हात पट्टीवर ठेवला. दोघांनी मिळून ती सरकवली. “अवं, किती आलं?” तिनं विचारलं. आबा हसले. हसू तसंच राहिलं, अंगठा तेवढा थांबला.