पुसलेला आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा जाणार होता, म्हणून आदल्या आठवड्यात लेकीने तिच्याकडून, ती शिक्षिका असताना वर्गात शिकवलेल्या कविता म्हणवून घेतल्या आणि कॉम्प्युटरवर साठवल्या. चार महिन्यांनी लेकीला कवितांचं फोल्डर गायब दिसलं. नशिबाने चुकून पुसलेल्या फाइल्स जपून ठेवणारं सॉफ्टवेअर तिने टाकलेलं होतं. सगळं परत आलं. ती स्वयंपाकघरात धावली. "आई, तुझ्याकडून चुकून पुसलं गेलं होतं, पण मिळालं." आईने पाटी ओढून लिहिलं, ‘चुकून नाही. मीच पुसलं. ऐकवत नाही मला.’ लेक तिच्याशेजारी बसली. "त्यात मध्येच तू मला हाक मारली आहेस. तेवढीच एक उरलीये गं." आईने पाटीवरची अक्षरं तळहाताने पुसली आणि सावकाश लिहिलं, ‘मी बाहेर गेले की ऐकत जा.’