शिस्तीचे नर

“माद्या बाद कर,” सर म्हणाले. “लगेच सही करतो. पेन हातातच आहे बघ.”

पेन खरंच हातात होतं. समोर त्यांच्या विद्यार्थिनीच्या पीएचडी प्रबंधाचा अर्ज होता. तो पाच वाजेपर्यंत खाली खिडकीवर द्यायचा होता, आणि सहा वर्षांच्या कामाचं घोडं एका सहीवर अडलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून सरांनी आजवर बऱ्याच सह्या अडवल्या होत्या. अडवून मग केलेल्या सहीचं अक्षर त्यांचं फार देखणं यायचं.

तिचं काम उंदरांच्या मेंदूवर होतं. मेंदूतल्या पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत येतं. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवायची आणि दारं किती उघडली ते मोजायचं. एका पेशीचा कागदावर एक ठिपका. माद्यांचे ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे दिसत होते. तिने ते प्रत्येक मादीच्या हार्मोनच्या चार दिवसांच्या चक्राप्रमाणे लावले, आणि मोहरी मुकाट्याने रांगेत उभी राहिली. हार्मोन चढलं की दारं जास्त उघडत, उतरलं की कमी. एवढंच तिचं म्हणणं होतं.

“नुसता गोंधळ आहे हा,” सर म्हणाले. “माद्यांचं हे असंच. आज एक, उद्या एक. नर बघ कसे शिस्तीचे!”

“नरांचे ठिपकेही तेवढेच पसरलेत, सर.”

“ते नैसर्गिक वैविध्य.”

कोपऱ्यात बसलेले बाहेरगावचे परीक्षक खोकले. चहाचा घोट तोंडात असताना हसू आलं की येतो, तो खोकला.

तिने अर्ज बाजूला सरकवला आणि पिशवीतून एक मळकी वही काढली. उंदीरघराच्या दाराशी टांगलेली वही. आत जाणाऱ्याने नाव आणि वेळ लिहायची, हा नियम सरांनीच केला होता आणि तो सर सोडून सगळे पाळत. सर नाव लिहीत नसत, म्हणून पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी त्यांच्या वाटची एक फुली मारून ठेवत. कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं. “अगं पोरी, साहेब आरडाओरडा करून गेले की मेले सगळे कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात,” मावशी म्हणाल्या होत्या. “त्या दिवशी खाणं उरतं. उद्या मलाच विचारतील, का उरलं म्हणून.”

“नरांचे ठिपके मी या फुल्यांप्रमाणे लावले,” ती म्हणाली आणि तिने कागद उलगडला. “सकाळी तुमची फेरी, की त्या दुपारी दारं जास्त उघडी. त्यांना ताणाचं हार्मोन चढतं, सर. तुम्ही परिषदेला गेला होतात ते तीन आठवडे बघा.”

त्या तीन आठवड्यांतले ठिपके पट्टी ठेवून काढल्यासारखे सरळ होते. पुढे नऊ नर वेगळे लावले होते. त्यांना ते हार्मोन अडवणारं औषध टोचलेलं होतं. त्यांच्या बाबतीत सर आले काय नि गेले काय, सारखंच.

सर काही झालं तरी शास्त्रज्ञ होते. रागावायच्या आधी त्यांनी फुल्या मोजल्या. एकतीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकतीसच.

“म्हणजे आता मला बाद करायचं म्हणतेस?”

“कुणालाच नाही. माद्या राहतील, नर राहतील, फुल्याही राहतील.”

“असा प्रबंध असेल तर सही मिळणार नाही.” पेनाचं टोपण खटकन लागलं.

“नका करू.”

“सहा वर्षं पाण्यात जातील!”

“मोजलेलं पाण्यात जात नाही, सर. मी याच कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही मागेन.”

परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. पाच वाजायला अकरा मिनिटं होती. सरांचा आवाज आता भिंतीपलीकडे जात होता.

“तुझ्या मते नरही लहरी! मग प्रयोग करायचा तरी कुणावर?”

“माद्यांवर करू,” ती म्हणाली. “त्यांच्या तारखा आधी कळतात. तुमच्या कळत नाहीत.”