ध्रुवला काय लिहू?

आईला घरी आणण्याआधी डॉक्टरांनी सीमंतिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "कॅन्सर सब जगह फैल चुका है." तेव्हापासून ती मोबाइल हातात धरून बसली होती. टोरांटोला भावाला कळवायचं होतं, तेही इंग्रजीत, कारण ध्रुवचे मेसेज त्याची कॅनेडियन बायकोही वाचते. शब्द असा हवा होता, की तो मिळेल त्या विमानाने निघेल, पण त्याआधी आईला फोन लावून ढसाढसा रडणार नाही. आईला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

कॉमन? छे, कॉमन तर सर्दी असते. रॅम्पंट, म्हणजे बेफाम? बाप रे, नको. लिहून लिहून, पुसून पुसून ती रडकुंडीला आली.

शेवटी न राहवून ती आईच्याच पलंगापाशी गेली. इथल्याच गोरखी शाळेत आईने जन्मभर इंग्रजीच तर शिकवलं होतं.

"आई, स्मृतीच्या होमवर्कात आलंय ग," लेकीचं निमित्त पुढे करत, आवाज शक्य तितका सहज ठेवत तिने विचारलं, "एखादी गोष्ट सगळीकडे पसरली असेल, तर प्रिव्हॅलंट म्हणायचं की वाइडस्प्रेड?"

आईने डोळेही उघडले नाहीत. वर्गात सांगावं तसं म्हणाली, "रोग गावभर असेल, तर प्रिव्हॅलंट."

मग डोळे उघडून तिने सीमंतिनीकडे पाहिलं.

"आणि माझ्यासारखा एकाच अंगात असेल, तर वाइडस्प्रेड. ध्रुवला तसंच साफ लिही, म्हणजे वेळेत पोचेल."