तिसऱ्या ओळीतली बी

"आज मी फक्त कापतो. मोजायचं तू, सहीही तुझीच," काका म्हणाले आणि त्यांनी सुरी पुसली.

गोदामाच्या तपासणी खोलीत रुजू होऊन तिला तीनच आठवडे झाले होते. एरवी काका तिला मोजणीच्या जवळ फिरकू देत नसत. चला, आपण पास झालो, असं तिला वाटलं.

बाहेर कोकोच्या बियांची चाळीस पोती रचली होती. त्यांतून काढलेल्या तीनशे बिया टेबलावर होत्या. तांबूस, टपोऱ्या, चकचकीत. मालाचा मालक दाराला टेकून उभा होता.

काका एकेक बी उभी चिरून फळीवर मांडत गेले. आत बुरशी दिसली की तिनं खूण करायची. नऊपर्यंत चालतं, दहावी निघाली की सगळा माल बाद.

"नऊ," ती शेवटी म्हणाली. मालकानं श्वास सोडला.

"तिसऱ्या ओळीतली, कडेची. भिंग लावून बघ."

तिनं भिंग लावलं. सालीच्या आत पांढरे तंतू होते, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक.

"दहा."

"एका बीसाठी?" मालक तरातरा पुढे आला. "चाळीस पोती आहेत! वर्षभर राबलोय. भाजल्यावर कोणाला कळणार आहे?"

"भाजल्यावर बुरशी मरते. तिनं सोडलेलं विष राहतं," काका त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि चॉकलेट पोरं खातात."

"तुमच्या हाताला काही दयामाया?"

"हाताला असेल. सुरीला नाही."

असल्या भांडणात हमाल हमखास तेल ओतायचे. आज सगळे पोत्यांची शिवण निरखत होते.

"मंगळवारी पाऊस आला," काका तिला समजावू लागले. "ताडपत्री टाकायला उशीर झाला. माल दोन दिवस ओला राहिला. मग वरची बुरशी जावी म्हणून पायांनी तुडवून ही चकाकी आणली."

मालकाची मान खाली गेली.

ती थक्क झाली. ओल कळते, एक वेळ तुडवलेलंही कळेल, पण वार? चिरलेल्या बीवरून हा माणूस वार सांगतो! पुस्तकात हे कुठंच नव्हतं. तिनं सही केली आणि वहीत टिपून ठेवलं: 'भिजल्याचा वार कसा ओळखावा? काकांना विचारणे.'

संध्याकाळी ती वही घेऊन काकांच्या मागे फाटकापर्यंत धावली आणि थबकली. मालक मोटारसायकल चालू ठेवून तिथंच उभा होता. आता हा काकांच्या अंगावर जाणार, असं वाटून ती हमालांना हाक मारणार, तोच त्यानं काकांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि हँडलला अडकवली.

"बसा, बाबा," तो म्हणाला. "पण आईला तुम्हीच सांगायचं."