मधल्या ताऱ्याशेजारी

साडेसातला त्या सगळ्या भागातली वीज जाणार होती. दुरुस्तीसाठी, अर्धा तास. तशी चिठ्ठी सकाळीच बांधकामाच्या फाटकावर लागली होती. बाकीच्यांनी ती वाचून वेळेआधीच हात धुतले आणि घरचा रस्ता धरला. क्रेनवाला मात्र तीस मजल्यांच्या उंचीवर आपल्या काचेच्या केबिनमध्ये बसून राहिला.

त्यामुळे शिट्टीबाईलाही खाली थांबावं लागलं. क्रेनवर माणूस असेपर्यंत खाली खुणा करणाऱ्याने जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. अकरा वर्षं ती शिट्टी, बॅटरी आणि वॉकीटॉकीवरून त्याला सांगत आली होती, आणि तो तिच्या सांगण्यावर टनाटनाचं लोखंड सुईत दोरा ओवावा तसं जागच्या जागी बसवत आला होता.

"दादा, घरी वाट बघताहेत माझी," वॉकीटॉकी खरखरली. "एवढं बघायचंय तरी काय?"

"तारा."

"एकच?"

"एकच. पण बारका आहे."

मग त्याने सांगून टाकलं. सप्तर्षींचा पतंग असतो, त्याच्या शेपटीत तीन तारे. मधल्याला चिकटून एक बारकी चांदणी आहे. लहानपणी वडील अंगणात उभं करून विचारायचे, दोन दिसतात का रे? दिसले तर नजर शाबूत.

डोळे तपासून आणण्याचा कागद दोन महिने त्याच्या खिशात घडी होऊन पडला होता. नापास झालं की क्रेन गेली, यात शंका नव्हती. क्रेन गेल्यावर जमिनीवर आपण करणार काय, हे मात्र त्याला सुचत नव्हतं. महिनाभर तो रोज संध्याकाळी ती चांदणी शोधत होता. पण खाली हॅलोजन, समोर दुकानांच्या पाट्या, पलीकडे पुलावरचे दिवे. वरचं आकाश ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेल्या पाटीसारखं. पतंग कसाबसा जुळायचा आणि मधला तारा नुसताच फुगलेला दिसायचा. दोष अर्थातच दिव्यांचा.

"नाचता येईना, अंगण वाकडं," शिट्टीबाई म्हणाली. "सरळ डॉक्टरकडे जायचं सोडून आकाशात कसली परीक्षा देताय?"

"आकाश कागदावर शिक्का मारत नाही ना, बाई."

मग तिचा आवाज जरा हळू झाला. "परवा तुळई उतरवताना मी तीनदा डावीकडे म्हणाले. पूर्वी एकदा पुरायचं. खाली चौघं उभे होते, दादा."

"खरखर फार होती. ऐकू आलं नाही."



आणि वीज गेली. आधी पाट्या, मग खिडक्या, मग पूल. क्रेनच्या टोकावरचा लाल दिवाही गेला. त्याने काच सरकवली आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत शंभर आकडे मोजायला घेतले. सत्तरीलाच त्याला राहवेना. आकाश हळूहळू भरत चाललं होतं, आणि तो लहान मुलासारखा खिडकीबाहेर मान काढून बसला होता.

"बाई, वर बघा! आधी वर बघा!"

"अगं बाई," ती म्हणाली. "हे सगळं रोज इथंच असतं?"

"इथंच. जाणार कुठं?"

त्याने पतंग शोधला. चौकोन, मग शेपटी. पहिला तारा सोडला आणि मधल्यावर नजर रोवली. दोन होते. अगदी स्वच्छ, शेजारीशेजारी, दोन.

"दिसली! बाई, दोन आहेत, दोन!" महिनाभराचं ओझं एका क्षणात हुकावरून सुटलं.

"थांबा, मलाही सापडली," ती खालून म्हणाली. "खरंच की! एक चांगला मोठा, आणि बाजूला ती एवढीशी. मिठाच्या कणाएवढी."

एवढीशी? त्याने पुन्हा पाहिलं. त्याचे दोन्ही तारे सारखेच होते. एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं. त्याने शेपटीचं टोक पाहिलं. तिथेही दोन. मग तो सावकाश, एकेक करत चौकोनापर्यंत गेला. सात ताऱ्यांच्या पतंगात चौदा तारे होते.

"बाई," तो म्हणाला, "जरा बॅटरी लावा."

एरवी हॅलोजनच्या झगमगाटात तिची बॅटरी म्हणजे उजेडाचा एक गोळा दिसायची. आता खालच्या मिट्ट काळोखात दोन ठिपके लागले.

"किती बॅटऱ्या आहेत तुमच्या हातात?"

"किती म्हणजे? एकच. का हो?"

दोष द्यायला आता एकही दिवा उरला नव्हता. तो परत वर बघत बसला. सगळं आकाश त्याने निवांत पाहून घेतलं.

आठ वाजता दिवे आले. एकेक पायरी हाताने चाचपत तो शिडीवरून उतरला, तेव्हा शिट्टीबाई नेहमीच्या जागी उभी होती. तिची मान अजून वरच होती. वर आता काहीच नव्हतं.

"मी तर तीसपर्यंत तारे मोजले," ती म्हणाली. "तुमचे किती झाले?"

"तुमच्या दुप्पट," तो म्हणाला, आणि केबिनची किल्ली त्याने तिच्या हातावर ठेवली.